एका ताटापुरतं

जहाज बंदराला लागलं की आमच्या दुकानात सगळ्यात आधी दही संपतं. त्यापाठोपाठ कांदा, काकडी आणि लिंबं. लोकांना वाटतं, इतके महिने समुद्रावर राहिलेला माणूस मटणावर तुटून पडत असेल. पण मटण जहाजावर बर्फात हवं तेवढं असतं. तिथे नसतं ते ताजं. म्हणून हे सोल्जर आले की पहिल्या दिवशी कोशिंबिरीचा वाडगाच तोंडाला लावतात, आणि आमचे हे आतल्या खिडकीतून ओरडतात, "शालन, अजून दही!"

टोकियोच्या खाली, समुद्राकाठी, अमेरिकन आरमाराचा तळ असलेलं हे गाव आहे. खरं तर ते नौसैनिक, पण इथे सगळेच त्यांना सोल्जर म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. तळाच्या फाटकापासून चालत येण्यासारख्या गल्लीत आमचं छोटं खाणावळवजा दुकान आहे. बाहेरचं सगळं हे बघतात. इंग्रजी, जपानी, हिंदी, ज्याला जी लागेल ती भाषा ह्यांच्या तोंडात असते. गिऱ्हाइकं ह्यांना 'मास्टर' म्हणतात, इथे दुकानवाल्याला तसंच म्हणायची रीत आहे. मी आत असते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, आणि बोलायला तर मी आधीपासूनच बुजरी. लिहिताना मात्र कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून हे माझ्यापुरतं लिहिते आहे.

माझ्या स्वयंपाकघराला आणि बाहेरच्या टेबलांना जोडणारी एक बुटकी खिडकी आहे, ताटं सरकवायला. तिच्यातून मला माणसाचं तोंड दिसत नाही, छातीपासून टेबलापर्यंतचं दिसतं. त्यामुळे मी सोल्जर ओळखते ते हातांवरून. कालच किनाऱ्याला लागलेला असेल तर त्याचा एक हात ताटाभोवती असतो आणि दुसरा पेल्यावर. जहाज डोलतं, पेला घसरतो, म्हणून सवय लागलेली. जमीन हलत नाही हे पायांना लवकर कळतं, हातांना कळायला वेळ लागतो. हात पेला सोडतच नाहीत.

दोन मोहिमांच्या मधले दिवस म्हणजे चैन, असं मलाही आधी वाटायचं. पण मी बघते ते असं, की पहिल्या दिवशी ते खातात, दुसऱ्या दिवशी झोपतात, तिसऱ्या दिवशी काहीतरी विकत घेतात, आणि मग पुढे काय करायचं ते त्यांना कळत नाही. एकजण बिर्याणी मागवून ती येण्याआधीच टेबलावर डोकं टेकून झोपला. ह्यांनी त्याला उठवलं नाही, बिर्याणी तीनदा गरम करायला लावली. एकजण 'सर्वात तिखट' मागायचा, घामाघूम होऊन खायचा आणि रोज म्हणायचा, उद्या याहून तिखट. ह्यांनी शेवटी त्याला सांगितलं, "बाबा, याहून तिखट पाहिजे तर माझ्या बायकोशी भांड." आणि एका सोल्जरबाईला स्वस्थ बसताच येईना, तेव्हा तिने आमच्या दुकानाचं शटर पट्टी-पट्टी पुसून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मला यातलं काही नवीन नव्हतं. आमचे हे पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर भंडारी होते. भंडारी म्हणजे जहाजावरचा आचारी. सुट्टीवर आमच्या रत्नागिरीकडच्या गावी यायचे ते असेच, हातात पेला धरून. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत म्हणाले, आज मी कालवण करतो. घरात आम्ही चार माणसं. ह्यांनी पाणी तापवायचा टोप चुलीवर चढवला. सुरमईचं कालवण इतकं झालं की सगळ्या वाडीला वाट्या घेऊन बोलवावं लागलं. जहाजावरच्या आचाऱ्याचं हे दुखणंच असतं. शंभर माणसांचं मीठ हाताला कळतं, चौघांचं कळत नाही. आमच्या वैशालीने तर बापाच्या हातचं कधी धड खाल्लं नाही. दर सुट्टीला ती एवढी एवढी मोठी झालेली असायची आणि हे मागच्या सुट्टीतलं तिच्या आवडीचं करून बसायचे. ते तिला आवडेनासं झालेलं असायचं. हे जमिनीवर कायमचे आले तेव्हा ती कॉलेजात होती. ह्या गोष्टीवर हे विनोद करत नाहीत. बाकी सगळ्यावर करतात.

डॅरल आला तेव्हा म्हणून माझे कान टवकारले.

हा डॅरल दाराएवढा माणूस. जहाज डागडुजीला लागलं होतं आणि तो रोज जेवायला यायचा. एकदा दुपारची गर्दी ओसरल्यावर तो चक्क वाकला आणि ताटाच्या खिडकीतून त्याने आत डोकं घातलं. मी पदरच तोंडावर घ्यायची बाकी होते. हे मागून हसत आले.

"शालन, घाबरू नको. हा पण भंडारी आहे. जहाजावर हजारांचा स्वयंपाक करतो. त्याला तुझ्याकडे शिकायचंय."

"माझ्याकडे? तो काय शिकणार माझ्याकडे?"

"थोडकं शिजवायला."

मग ह्यांनी सांगितलं ते असं. डॅरलला सहा वर्षांची मुलगी आहे, एमी. तिचे आईबाप वेगळे झालेले, ती अमेरिकेत डॅरलच्या आईकडे वाढते. मागच्या सुट्टीत तो घरी गेला आणि त्याने तिच्यासाठी मोठ्या हौसेने मॅकरोनी केली. ओव्हनचा सगळ्यात मोठा ट्रे भरून. पोरीने एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "शाळेच्या कँटीनसारखं लागतं." मग आठ दिवस तिने दुधातले मक्याचे पोहेच खाल्ले. आता पुन्हा समुद्रावर जाण्याआधी तो घरी जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याची आईच नातीला घेऊन इथे येणार होती, आठवडाभर. डॅरलने एकच ठरवलं होतं. एमीने त्याच्या हातचं एक ताट पोटभर खायला हवं. नाहीतर पुढच्या खेपेला ती मोठी झालेली असेल.

"हजारांना वाढतो," हे मला मराठीत म्हणाले, "आणि एका पोरीला भितो." पण बोलताना ह्यांनी डोळे दुसरीकडे वळवले.

दुसऱ्या दिवसापासून डॅरल माझ्या स्वयंपाकघरात यायला लागला. त्याला जहाजावर पाळी नसेल त्या दिवशी, दुपारी. त्याचं जपानी माझ्यापेक्षाही वाईट, म्हणून मला त्याच्याशी बोलायला जमलं. तो मला इथल्या रीतीने 'शालन-सान', म्हणजे शालनबाई, म्हणायचा. येताच हात धुऊन आमच्या सुऱ्या घेऊन बसायचा आणि त्यांना अशी धार लावायचा, की टोमॅटो नुसता सुरी बघून दोन व्हायचा. फरशी पुसायची त्याची पद्धत मी अजून वापरते. काम त्याला येत होतं. येत नव्हतं ते कमी करणं.

वरण करायला सांगितलं तर त्याने फडताळातलं सगळ्यात मोठं पातेलं उचललं. मी ते काढून घेतलं आणि छोटं दिलं. त्याने ते हातात उलटंपालटं करून बघितलं, जणू भातुकलीतलं आहे. मीठ मुठीने घेतलं. मी त्याची मूठ उघडून मीठ परत डब्यात सोडलं आणि चिमटीत राहील तेवढंच ठेवलं. तो हसला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

पण खरी अडचण मिठाची नव्हती. जहाजावर शिजवलेलं तासन्‌तास गरम राहावं लागतं. कुणी आता येणार, कुणी पहारा संपल्यावर. त्यामुळे तिथला आचारी अन्न टिकावं म्हणून शिजवतो. डॅरल काहीही करायला घेई, ते टिकाऊच होई. भात फडफडीत, भाजी जरा जास्त शिजलेली, सगळं थांबायला तयार. त्यानेच एकदा चमचा चाटून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "कँटीन."

एका दुपारी आम्ही आमच्यापुरती घावनं करत होतो. आमच्याकडे कोकणात तांदळाच्या पातळ पिठाची करतात ती. बिडाचा तवा चांगला तापवायचा, अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं, पीठ कडेकडेने ओतत मध्ये आणायचं, वर झाकण. जाळी पडली की घडी घालून ताटात, आणि ताटात पडल्या पडल्या नारळाच्या गोड रसात बुडवून तोंडात. दोन मिनिटं ठेवलं तर चामडं होतं. पहिलं घावन आम्ही धरतच नाही, ते तव्याचं. डॅरल उभा राहून बघत होता. मी ह्यांना एक वाढलं, मग दुसरं तव्यावर टाकलं. हे खात होते, मी पुढचं करत होते.

"हे किती वेळ गरम ठेवता येतं?" त्याने विचारलं.

"नाही ठेवता येत," मी म्हणाले.

"शंभर माणसांना करायचं असेल तर?"

"नाही करता येत. जो बसलाय त्याला."

मग त्याने माझ्या हातातली पळी मागून घेतली.

त्यानंतर तो दुसरं काही करायला तयारच नव्हता. त्याची पहिली घावनं बघून हे म्हणाले, "ही जहाजाच्या फाटक्या शिडाला लावायला बरी." एकदा मी नव्हते तर त्याने इथल्या चिकट तांदळाचं पीठ केलं, ते तव्याला असं धरून बसलं की त्याला उलथनं वाकवावं लागलं. आमच्याकडचा तांदूळ वेगळा असतो, तो हे टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागातल्या भारतीय दुकानातून आणतात, हे मग त्याला समजावून सांगितलं. तरी तो हटला नाही. रोज यायचा, रोज फाडायचा, रोज पुन्हा ओतायचा. शेवटी एके दिवशी जाळी पडली. त्याने झाकण उचललं, वाकून बघितलं आणि जहाजावर सलाम ठोकतात तसा तव्याला ठोकला.

एमी यायच्या आठवड्यात मी सकाळी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, दूध आणायला गेले. फळीवरचे फोनचे चार्जर संपलेले, सुका खाऊ संपलेला. पलीकडच्या न्हाव्याकडे रांग. सोल्जर कधी निघायचं ते कुणाला सांगत नाहीत, त्यांना सांगायची बंदी असते. पण गावाला कळतं. अजून तर पोरीचं विमानसुद्धा उतरलं नव्हतं.

डॅरलनेही तोंडाने काही सांगितलं नाही. पोर आणि आजी आल्या त्या संध्याकाळी, त्यांना हॉटेलात झोपवून तो धावत आला आणि म्हणाला, आठवडा नाही, फक्त उद्याची सकाळ. उद्या तुमचं दुकान बंद असतं, मग उद्या सकाळी एमीला इथे आणू का? दुपारपर्यंत त्याला परतायचं होतं. हे म्हणाले, "विचारतोस काय?" त्याने तिथल्या तिथे तांदूळ धुऊन भिजत घातले आणि तळावर पळाला. तो गेल्यावर मी झाकण उचललं. इतके दिवस वाटीने मोजायला शिकलेला माणूस, पण त्या काळजीत त्याचे हात पुन्हा जहाजावर गेले होते. त्याने अख्खी बादली भरून तांदूळ भिजवले होते.

सकाळी ह्यांना मसाल्यासाठी हिगाशी-कसाईच्या त्या दुकानात जायचंच होतं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही थांबा. मी त्या बाईंशी काय बोलणार?"

"बोलायचंय कशाला? डॅरल येईल, आपल्या पोरीशी बोलेल. तू तवा तापव."

मी ते सगळे तांदूळ वाटून पीठ बादलीतच ठेवलं. नारळ खवून ठेवला. आजी आणि एमी ठरल्या वेळेला आल्या, हॉटेल जवळच होतं. डॅरल आला नव्हता. आजी उंच, थकलेल्या, फार सभ्य. एमीच्या केसांच्या पुष्कळ बारीक वेण्या आणि तोंड झोपेने फुगलेलं. मी वाकून खिडकीतून त्यांना बघितलं आणि मग लक्षात आलं, की आज बाहेर जायला दुसरं कुणीच नाही. मी हात पुसले आणि बाहेर आले.

आम्ही वाट बघत बसलो. आजींनी फोन लावला, डॅरलने उचलला नाही. एमी आधी खुर्च्यांशी खेळली, मग गप्प झाली, मग तिने आजीच्या कुशीत तोंड खुपसलं. तिला भूक लागली होती. 'हंग्री' हा शब्द मला कळतो, दुकानात रोज ऐकते. आजी माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या, हाताने खायची खूण केली.

माझा तवा तापलेला होता. पीठ तयार होतं. दोन मिनिटांत मी त्या लेकराच्या पुढे घावन ठेवलं असतं. माझ्या दारात उपाशी पोर बसलंय आणि मी वाढत नाहीये, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नाही. हात तव्याकडे ओढत होते. पण पोट एकदा भरलं की भरलं. तो धापा टाकत येईल, कौतुकाने एक ओतेल, ती एक घास घेऊन चमचा खाली ठेवेल, आणि त्याचं पुन्हा कँटीनच होईल. मी मान हलवली. नाही.

"पापा कुरु," मी म्हणाले. पापा येतोय. एमीला जपानी कळणार नव्हतं, पण पापा कळलं. मी तिला आत नेलं, स्टुलावर चढवलं आणि तिच्या हातात खवलेल्या नारळाची पुरचुंडी दिली. कोमट पाण्यात बुडवायची आणि पिळायची. पांढरं दूध निघालं तसे तिचे डोळे मोठे झाले. ती पिळत राहिली. मी गूळ घातला. तिने बोट बुडवून चाटलं. तेवढं मी चालवून घेतलं.

पण किती वेळ? आजी उठल्या. त्यांनी एमीचा कोट घेतला आणि माझ्याशी हळू, समजावून बोलल्या. त्यातलं 'बर्गर' मला कळलं. स्टेशनसमोर बर्गरचं दुकान आहे. त्यांचं काय चुकत होतं? नातीला भूक लागलेली, मुलाचा पत्ता नाही, आणि ही अनोळखी बाई खायला देत नाही. त्या एमीचा हात धरून दाराशी आल्या.

मी दारात जाऊन उभी राहिले.

आजपर्यंत मी कुणाच्या वाटेत उभी राहिलेली नाही. बसमध्येसुद्धा मी अंग चोरून बसते. पण त्या दिवशी मी दोन्ही हात चौकटीला लावले. "चोत्तो मात्ते," म्हणाले. थोडं थांबा. मग ते पुरेसं वाटेना म्हणून मराठीतच सांगितलं, "आजी, त्याने महिनाभर हात भाजून घेतलेत. अजून थोडं थांबा. मी पाया पडते, पण थांबा."

त्यांना शब्द कळला नसणार. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मग माझ्या हातांकडे. त्यांनी कोट खुर्चीवर ठेवला.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. डॅरल गणवेशात धावत आला होता, मला बाजूला करून आत. फाटकावर अडकवून ठेवलं होतं, एवढं म्हणाला आणि सरळ तव्यापाशी गेला. एमीला मिठी मारण्याआधीच त्याने पळी उचलली. वेळ कुठे होता?

पहिलं घावन फाटलं. एमी स्टुलावर उभी राहून बघत होती. त्याने ते बाजूला टाकलं, तव्याला कांदा फिरवला, श्वास घेतला आणि कडेने ओतत मध्ये आला. झाकण. एमीने मान पुढे काढली. झाकण उचललं तर बारीक बारीक जाळी, कडेपर्यंत. घडी घालून त्याने ते तिच्या ताटात ठेवलं. तिने पिळलेला रस तिनेच वर ओतला.

एक घास घेतला. मी चमच्याकडे बघत होते. चमचा खाली गेला नाही. तिने दुसरा घास घेतला. सगळं संपवलं आणि ताट पुढे केलं.

तो करत गेला, ती खात गेली. मध्येच ती पळीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, त्यात 'शिप' होतं. जहाजावर पण हेच करतोस का, असं असावं, कारण डॅरलने मान हलवली आणि म्हणाला, "नो शिप. ओन्ली यू." एवढं इंग्रजी मलाही कळलं. एमीने थोडा विचार केला आणि ताट पुन्हा पुढे केलं.

मी त्याच्यासाठी पेल्यात चहा ठेवला होता, तव्याच्या शेजारी. तो तिथेच निवला. त्याने त्याला हातसुद्धा लावला नाही.

मग त्याने घड्याळ बघितलं. पोरीला उचललं, आईला मिठी मारली. मला काय करावं ते त्याला कळेना, मलाही कळेना. त्याने वाकून नमस्कार केला, मी पळी त्याच्या हातातून घेतली. आमच्याकडे गलबतावर जाणाऱ्याच्या पाठीमागे कुणी रडत नाही. मी नाही रडले. एमी दारापर्यंत गेली, हात हलवला, आणि परत येऊन स्टुलावर चढली. तिला अजून हवं होतं.

मी पळी तिच्या हातात दिली. हात मागून धरला, तवा भाजेल म्हणून. ओतलं तिनेच, कडेकडेने मध्ये, बापासारखं. पहिलं फाटलं. तिने ते स्वतःच बाजूला टाकलं.

संध्याकाळी हे आले आणि बादली बघून थबकले. "काय गो, कुणाचं लग्न काढलंस?"

"डॅरलचं पीठ आहे. तिने पोटभर खाल्लं."

हे खाली बसले. मग म्हणाले, "मला पण टाक एक." आजी आणि एमी त्यांच्या विमानाच्या दिवसापर्यंत रोज जेवायला यायच्या, तरी पीठ सरेना. शेवटी ह्यांनी दुपारच्या ताटात गिऱ्हाइकांना घावन लावलं. जपानी बायका अजून येऊन विचारतात.

आता गावात बोलणं आहे की जहाज परत येतंय. काल मी ह्यांना सांगितलं, दूध जास्त आणा, दही लावायला हवं.

"आणि तांदूळ?" हे म्हणाले. "भिजत घालतेस का डॅरलसाठी?"

"मी का घालू?" मी म्हटलं. "आल्यावर तो घालील. फक्त मी बाजूला उभी राहीन, आणि बादली लपवून ठेवीन."